वय मोजायचं ते शेवटच्या बाळापासून

गेल्या दिवाळीत भाची आणि जावई घरी आले होते. फराळाचं ताट पुढे केलं, तर चकलीला हात लावण्याआधी तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. "मावशी, हे बघ ना. एएमएच १.१ आलाय. संपलं का गं सगळं?" वय २९, लग्नाला दीड वर्ष, नोकरी हिंजवडीत. अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी ही रक्तचाचणी, हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सवलतीत मिळते म्हणून तिनं करून घेतली होती. रिपोर्टात आकडा ठळक छापलेला, त्याच्या शेजारी खाली रोखलेला एक बाण. त्या बाणानं तिची आठ दिवसांची झोप घालवली होती.

मी डॉक्टर नाही. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात जन्म गेला. म्हणून मी तिला रिपोर्ट बाजूला ठेवायला सांगितलं आणि बारावीचा प्रश्न विचारला : प्राथमिक अंडपेशी कुठल्या अवस्थेत थांबून राहते?

"डिप्लोटीन!" ती पटकन म्हणाली. 'नीट' परीक्षेसाठी पाठ केलेलं कुणी विसरत नाही.

"आणि कधीपासून थांबलेली असते?"

यावर मात्र ती गप्प. "मी जन्मले तेव्हापासून?"

त्याच्याही आधीपासून. माझ्या बहिणीच्या डोहाळजेवणाचे फोटो आमच्याकडे आहेत. हिरवी साडी, फुलांची वाडी, सातवा महिना. त्या फोटोत भाचीच्या आयुष्यभराच्या सगळ्या अंडपेशी हजर आहेत. अर्धगुणसूत्री विभाजन सुरू करून, मध्येच थांबून, वाट पाहत उभ्या. दोन मार्कांचं हे वाक्य पोरं दरवर्षी घडाघडा लिहितात. त्याचा स्वतःच्या आयुष्याशी काही संबंध आहे हे आम्ही शिक्षक सांगत नाही. मीही इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

आकड्यांनी पोरांचे डोळे फिरतात म्हणून मी वर्गात तांदूळ वापरते. जाडसर तांदळाचे हजार दाणे साधारण २० ग्रॅम भरतात, म्हणजे किलोत ५० हजार. आता बघा. मुलीचा गर्भ आईच्या पोटात २० आठवड्यांचा असताना तिच्या अंडाशयांत ६० ते ७० लाख अंडपेशी असतात : १२० ते १४० किलो तांदूळ. ती जन्माला येते तेव्हा १० ते २० लाख उरलेल्या असतात. म्हणजे २० ते ४० किलो, एखाददुसरा कट्टा. पहिली पाळी येते तेव्हा ३ ते ४ लाख, सहा-आठ किलो. सदतिशीच्या आसपास सुमारे २५ हजार, अर्धा किलो. पाळी कायमची जाते तेव्हा हजारभर दाणे, मूठभरसुद्धा नाहीत. आणि या सगळ्यांतून प्रत्यक्ष पिकून बाहेर पडतात किती? आयुष्यभरात चारशे-पाचशे. एक पोहे खायचा चमचा.

बाकीच्या कुठे जातात? कुठेच नाही, जागच्या जागी विरून जातात. दर महिन्याला अंडपेशींचा एक घोळका तयारीला लागतो, त्यातली एक पुढे जाते आणि उरलेल्या मरतात. गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तरी हे थांबत नाही. पाळी बंद असते तेव्हाही, बाळ पोटात असतानाही आतल्या आत गळती चालूच राहते. "मी चार वर्षं गोळ्या घेतल्या, म्हणजे माझी चार वर्षांची बीजं वाचली" असं मला एका शिकल्यासवरल्या मुलीनं सांगितलं होतं. तसं होत नाही. सिगारेट मात्र ही गळती वाढवते. सिगारेट ओढणाऱ्या बायकांची पाळी इतरांपेक्षा वर्ष-दोन वर्षं आधी जाते.

पण खरी गोम संख्येत नाही. अर्धा किलो म्हणजे सुद्धा २५ हजार दाणे. बाळाला लागतो एक.

गोम आहे त्या थांबून राहण्यात. अंडपेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि बाहेर पडताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र आत राहायला हवं. वेळ येईपर्यंत या जोड्या एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून त्यांच्याभोवती प्रथिनांची कडी असतात. ही कडी मुलगी जन्मायच्या आधीच घातली जातात आणि पुढे ती बहुधा बदलली जात नाहीत. आमच्या स्टाफरूमच्या कपाटात जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. दोन वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्याचं रबरबँड ओढलं तर अजून ताणतं. पंधरा वर्षांपूर्वीच्याला नुसता हात लावला की तुकडे पडतात आणि कागद भलत्याच गठ्ठ्यात मिसळतात. चाळिशीतल्या अंडपेशीचं असंच काहीसं होतं. जोड्या वेळेआधी सैल होतात, वाटणी चुकते, एखादं गुणसूत्र जास्त जातं किंवा कमी पडतं. आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, तपासलेल्या भ्रूणांवरून अंदाज असा : आईचं वय तिशीच्या आत असेल तर चारातल्या एखाद्या भ्रूणात अशी चूक सापडते, चाळिशीत निम्म्याहून जास्त भ्रूणांत.

पुढचं सगळं यातूनच येतं. चुकीची वाटणी झालेला गर्भ बहुतेक वेळा रुजत नाही, किंवा रुजला तरी टिकत नाही. म्हणून तिशीत दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता साधारण पाचात एक असते, ती चाळिशीत विसात एकवर येते. नॉर्वेत २००९ ते २०१३ या काळातल्या चार लाखांहून जास्त गर्भारपणांची नोंद तपासली गेली. २५ ते २९ या वयात गर्भ आपोआप पडण्याचं प्रमाण १० टक्के होतं, ४५ च्या पुढे ५३ टक्के. डाउन सिंड्रोमचंही तसंच : आई २५ची असताना साधारण साडेबाराशेत एक, ३५ला साडेतीनशेत एक, ४०ला शंभरात एक. (शंभरात एक याचा अर्थ नव्व्याण्णव बाळांना तो नसतो, हेही त्याच दमात सांगायला हवं. सोनोग्राफी करणारे घाईत असतात, सांगत नाहीत.)

हे तरुणांना ठाऊक नसतं का? "वय झालं की अवघड जातं" एवढं सगळ्यांना माहीत असतं. कुठल्या वयाला किती अवघड, हे मात्र चुकतं. स्वीडनमध्ये २००६ साली विद्यापीठातल्या उच्चशिक्षित स्त्री-पुरुषांना विचारलं गेलं. जवळपास निम्म्या स्त्रियांचा पस्तिशीनंतरही मूल व्हावं असा बेत होता, आणि पस्तिशीच्या उत्तरार्धात काय घडतं याची पुरेशी कल्पना त्यांना नव्हती. हा स्वीडन, जिथे शाळेत लैंगिक शिक्षण १९५५ पासून सक्तीचं आहे. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफच्या संशोधकांनी ७९ देशांतल्या दहा हजारांवर लोकांची याच विषयावर परीक्षा घेतली. हे सगळे त्या वेळी मुलासाठी प्रयत्न करणारे लोक होते, म्हणजे पेपर त्यांच्या रोजच्या काळजीतलाच होता. सरासरी गुण ५६.९ टक्के. आमच्या भाषेत सेकंड क्लास.

आमच्या घरातही त्या संध्याकाळी मी एक छोटी तोंडी परीक्षा घेतली. जावई म्हणाले, "पण मावशी, ही रोज सूर्यनमस्कार घालते, पाळी घड्याळासारखी येते." त्यांचं चुकत होतं असं नाही, पण दोन गोष्टींची गल्लत होत होती. सूर्यनमस्कारानं हृदय, पाठ, वजन, साखर सुधारते. पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडानं बीज वेळेवर न सुटण्याचा विकार) असेल तर वजन उतरल्याचा फायदा बीज सुटण्यालाही होतो. ती कडी मात्र पुन्हा नवी होत नाहीत. पाळी नियमित येते म्हणजे बीज सुटतंय. ते कसं आहे, हे पाळी सांगत नाही. पाळी जायच्या आधी काही वर्षं पाळी येत राहते पण मूल होत नाही. भारतात पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ५१. तिकडचे आकडे इकडे वापरताना हे अंतर डोक्यात ठेवलेलं बरं.

शेजारच्या आजी त्या दिवशी लाडू घेऊन आल्या होत्या. त्यांचं मत पार उलट : "तिशी ओलांडली की दार बंद." हेही खरं नाही, आणि अशा घाबरवण्यानं नुकसान कमी होत नाही. "३५ ते ३९ वयातल्या तीनातल्या एका बाईला वर्षभरात दिवस राहत नाहीत" हे वाक्य कितीतरी लेखांत फिरतं. त्याचं मूळ शोधायला गेलं की १६७० ते १८३० या काळातल्या फ्रान्समधल्या जन्मनोंदी निघतात. वीज नाही, प्रतिजैविकं नाहीत, बाळंतपणात बायका मरायच्या तो काळ. युरोपातल्या ७७० आधुनिक स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये आला. योग्य दिवसांत आठवड्यातून दोनदा संबंध ठेवणाऱ्या ३५ ते ३९ वयातल्या ८२ टक्के स्त्रियांना वर्षभरात दिवस राहिले. २७ ते ३४ वयाला हाच आकडा ८६.

फरक एवढाच? इथे जरा थांबायला हवं, कारण याच आकड्यावर लोक निर्धास्त होतात. हे दिवस राहण्याचे आकडे आहेत. बाळ हातात येण्याचे वेगळे. त्याच वर्षी फ्रान्समधल्या आंरी लेरिदों यांनी गर्भ पडण्याचा हिशेब धरून आकडेमोड केली. ३० व्या वर्षी सुरुवात केली तर ज्याचं बाळ होणार असा गर्भ वर्षभरात राहण्याची शक्यता ७५ टक्के, ३५ व्या वर्षी ६६, ४० व्या वर्षी ४४. चार वर्षं नेटानं प्रयत्न केले तर अनुक्रमे ९१, ८४ आणि ६४. म्हणजे दार बंद होत नाही, अरुंद होत जातं. तिशीपासून हळूहळू, पस्तिशीनंतर भराभर.

लेरिदों यांनी पुढे आणखी एक प्रश्न विचारला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : उशीर केल्यानं जी बाळं हुकतात, ती आयव्हीएफ भरून काढतं का? उत्तर : तिशीऐवजी पस्तिशीत सुरुवात केली तर हुकलेल्यांपैकी निम्मी भरून निघतात. पस्तिशीऐवजी चाळिशीत केली तर तीस टक्केही नाहीत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ऑगस्ट १९८६ मध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली तेव्हा मी शाळेत होते. पेपरात पहिल्या पानावर फोटो होता. त्या फोटोनं आमच्या अख्ख्या पिढीच्या मनात ठसवलं की विज्ञान आता काहीही करू शकतं. आयव्हीएफनं बंद गर्भनलिका टाळता येतात, कमी शुक्राणूंवर मार्ग निघतो. बीज म्हातारं झालं असेल तर त्याला तरुण करता येत नाही. अमेरिकेत स्वतःची बीजं वापरून केलेल्या आयव्हीएफच्या खेपेत पस्तिशीच्या आतल्या जवळपास निम्म्या स्त्रियांना बाळ होतं. बेचाळिशीच्या पुढे शंभरात तीन-चार जणींना. सत्तेचाळिसाव्या वर्षी आई झालेल्या नटीची मुलाखत येते, तेव्हा बीज कुणाचं होतं हे त्यात नसतं. ते सांगायला ती बांधील नाही. फक्त वाचणारीचा हिशेब तिथे चुकतो.

आता तो बाण. एएमएच हे अंडाशयातल्या लहान पुटकुळ्यांतून निघणारं संप्रेरक. कट्ट्यात किती तांदूळ उरलाय याचा ढोबळ अंदाज त्यावरून येतो. दाणे कसे आहेत, हे कळत नाही. आयव्हीएफसाठी इंजेक्शनं दिली तर किती बीजं मिळतील हे ठरवायला डॉक्टरांना तो उपयोगी पडतो. स्वतःहून दिवस राहतील का, हे मात्र तो सांगत नाही. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ७५० स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एएमएच कमी असलेल्यांना दिवस राहायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला नाही. हे ऐकल्यावर भाचीनं पहिली चकली मोडली.

"पण मग मला कळणार कसं, किती वेळ आहे ते?"

रक्ताच्या चाचणीनं नाही. जन्मतारखेनं आणि एका प्रश्नानं : तुम्हाला मुलं किती हवीत?

आपल्याकडे हिशेब पुढून मागे होतो. लग्न झालं, दोन वर्षं जरा फिरू, फ्लॅटचा ताबा मिळू दे, प्रमोशन होऊ दे, मग पाहू. आणि पहिलं झालं की "दुसरा चान्स कधी घेताय?" या शब्दातच सगळं आलं. पहिल्याचं वय सगळे मोजतात, दुसऱ्याचा चान्स असतो. मी ओवाळणीचं रिकामं पाकीट घेतलं आणि पाठीवर उलटा हिशेब मांडायला लावला. दोघांनाही दोन मुलं हवी होती. ठीक. धाकटं बाळ भाची ३७ची व्हायच्या आत हातात यावं असं धरू. त्यातून पोटातले नऊ महिने वजा. प्रयत्नांसाठी एक वर्ष वजा, कारण कुणालाही एवढं लागू शकतं. सव्वापस्तीस. दोन बाळंतपणांमध्ये आईचं शरीर सावरायला हवं. थोरलं जन्मल्यापासून पुढचे दिवस राहीपर्यंत निदान दोन वर्षं जावीत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सव्वातेहेतीस. पुन्हा नऊ महिने, पुन्हा एक वर्ष. साडेएकतीस. मध्ये एखादा गर्भ टिकला नाही तर आणखी सहा महिने. एकतीस.

पाकिटावर ३१ लिहून तिनं त्याभोवती गोल काढला आणि मान वर केली. "अजून दोन वर्षं आहेत."

नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हाच हिशेब संगणकावर, हजारो काल्पनिक जोडप्यांवर चालवून पाहिला. ठरवलेली मुलं होण्याची ९० टक्के खात्री हवी असेल तर बाईचं सुरुवातीचं वय जास्तीत जास्त किती असावं? एकच मूल हवं असेल तर ३२. दोन हवी असतील तर २७. तीन हवी असतील तर २३. गरज पडली तर आयव्हीएफची तयारी असेल, तर हेच आकडे ३५, ३१ आणि २८ होतात. नव्वदऐवजी पंचाहत्तर टक्क्यांवर समाधान असेल तर आणखी काही वर्षं हातात येतात. म्हणजे "कुठल्या वयाच्या आत मूल व्हावं" याला एक उत्तर नाही. एकाच मुलावर थांबणारी ३१ वर्षांची मुलगी निवांत असू शकते, तीन मुलांची हौस असलेली २६ वर्षांची नाही. मूलच नको असणारीला यातला एकही आकडा लागू नाही, आणि तिला तो ऐकवू नये.

बीजं गोठवण्याबद्दल आता पुण्या-मुंबईच्या मुली मोकळेपणानं विचारतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये या पद्धतीवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला. पण गोठवलेलं बीज म्हणजे मुदत ठेव नव्हे, की ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम मिळाली. बोस्टनमधल्या २०१७च्या एका गणितानुसार निदान एक बाळ होण्याची ७५ टक्के शक्यता हवी असेल, तर ३४व्या वर्षी साधारण १० बीजं गोठवावी लागतात, ३७व्या वर्षी २०, ४२व्या वर्षी ६१. तरुण वयात एका खेपेला दहा-बारा मिळतात, पुढे त्याहून कमी. म्हणजे ज्या वयाला गोठवणं परवडत नाही त्याच वयाला ते फळतं, आणि हातात पैसा येतो तेव्हा खेपा वाढतात. आपल्या २०२१च्या सहायक प्रजनन कायद्यानं अविवाहित स्त्रीलाही हे करता येतं. बीज साधारणपणे दहा वर्षं साठवता येतं, आणि उपचारांसाठी स्त्रीला ५० व पुरुषाला ५५ ही वयाची वरची मर्यादा आहे.

इथपर्यंत जावई निवांत शेव खात होते. सगळी गोष्ट बायकोच्या अंडाशयाची चालली होती ना.

पुरुषाच्या शरीरात शुक्राणू रोज नव्यानं तयार होतात, एकाला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून आपल्याकडे समज असा की पुरुषाला वय नसतं. पण नवीन माल रोज काढायचा म्हणजे जुन्या मजकुराची प्रत पुन्हा पुन्हा काढायची. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं पुसट होतात, तशा चुका साठतात. आइसलँडमध्ये २०१२ साली मोजलं गेलं : बापाचं वय एका वर्षानं वाढलं की बाळाच्या जनुकांत साधारण दोन नवे बदल जास्त दिसतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, सगळे नाहीत. चाळिशीनंतरच्या बापाला मूल व्हायला वेळ जास्त लागतो, गर्भ पडण्याचा धोकाही वाढतो. आणि मूल होत नाही अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनंही काहीतरी असतंच. तरीही आपल्याकडे सोनोग्राफी, रक्त, दुर्बीण, सगळं आधी सुनेचं. वीर्यतपासणी काही शे रुपयांत, तासाभरात होते, सुई टोचावी लागत नाही, आणि तिलाच सगळ्यात उशीर होतो. आमच्या ओळखीत एका मुलीच्या दोन लॅप्रोस्कोपी झाल्यावर नवऱ्याची पहिली तपासणी झाली. शुक्राणू शून्य. जिममध्ये दंड फुगवायला घेतलेली इंजेक्शनं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं शुक्राणू बनवणं थांबवतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तंबाखू, मावा, गुटखा हेही शुक्राणूंना नडतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पुड्या कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात, तो विषय वेगळा.

हे सगळं कळलं म्हणून लोक लवकर मुलं होऊ देतील, असं मला मुळीच वाटत नाही. उशीर अज्ञानानं कमी आणि परिस्थितीनं जास्त होतो. सदाशिव पेठेत एमपीएससीचा अभ्यास करणारा मुलगा तिशीला टेकतो. सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्न न जमणाऱ्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. त्यांना वयाचं विज्ञान सांगायला जाणं म्हणजे जखमेवर मीठ. नोकरदार बाईला २०१७च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळाली, पण सत्ताविसाव्या आठवड्यात बाळाला कुठे ठेवायचं? पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करावी असं कायदा सांगतो. किती ठिकाणी पाहिलीत तुम्ही? खासगी नोकरीत बापाला रजेचा कायदेशीर हक्कच नाही.

शिवाय याच राज्यात दुसरं टोक आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळजवळ २२ टक्के मुलींनी सांगितलं की त्यांचं लग्न अठराच्या आत झालं. बीडकडच्या ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांची पिशवी पस्तिशीच्या आतच काढलेली असते. त्यांना लवकर मूल होऊ द्या हे सांगायला कुणी जाऊ नये. त्याच सर्वेक्षणात राज्याचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ आला. सरासरीत ही दोन्ही टोकांची माणसं एकत्र बसवलेली असतात.

आणि आपल्या कानांवर आजवर काय पडलं, तेही बघा. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले अंगावर घेतले. १९५२ पासून सरकारचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे लाल त्रिकोण एसटीच्या मागच्या बाजूलाही रंगवलेला असायचा. मूल कसं होऊ द्यायचं नाही हे सांगायला आपल्याला शंभर वर्षं लागली, आणि ते सांगणं गरजेचंच होतं. नियोजनाची दुसरी बाजू सांगायचं मात्र राहून गेलं, किंवा ती सासूच्या टोमण्यांवर सोडून दिली.

निघताना भाचीनं विचारलं, डॉक्टरकडे कधी जायचं? पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, चाळिशीनंतर लगेच. पाळी अनियमित असेल, पाळीत असह्य दुखत असेल, अंडाशयाची शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी झाली असेल, आईची पाळी चाळिशीच्या आत गेली असेल, कधी टीबी झाला असेल, तर वाट पाहायची नाही. टीबीचं मुद्दाम सांगते. आपल्याकडे तो गुपचूप गर्भनलिकांत बसतो, खोकला नाही की ताप नाही, आणि नळ्या बंद करून ठेवतो. प्रयत्न सुरू करण्याआधी फॉलिक ॲसिड, रुबेलाची लस झाली नसेल तर ती (आणि लसीनंतर महिनाभर थांबणं), दोघांची थॅलेसेमियाची तपासणी. महिन्यातले दिवस म्हणाल तर सहाच असतात : बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. पाळी २८ दिवसांची असेल तर साधारण नवव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत. बीज सुटून गेल्यावर फक्त दिवसभराचा अवकाश असतो, म्हणून "ॲपनं आज हिरवं दाखवलं" त्या दिवसाची वाट पाहण्यापेक्षा आधीपासून एक दिवसाआड बरं. हे बोलताना जावई भिंतीवरच्या कालनिर्णयकडे टक लावून बघत होते. त्यांना तिथे काय दिसत होतं कोण जाणे.

भाचीनं पाकीट घडी करून पर्समध्ये टाकलं. डबा भरून चिवडा दिला. चपला घालता घालता जावई मागे राहिले, आवाज जरा खाली आणून म्हणाले, "मावशी, ती तपासणी... त्यासाठी उपाशीपोटी जावं लागतं का हो?"

"नाही," मी म्हटलं. "पण आधी तीन-चार दिवसांचं पथ्य असतं. कसलं, ते लॅबवाले सांगतील."